चेंडूकडे बघू नकोस

बाळाला कोचच्या अंगावर झोपवायची कल्पना अर्नेस्टीनची.

"धर जरा हिला," ती म्हणाली. "डेल्फीनचे हात पिठात आहेत आणि माझा जीव ओव्हनमध्ये."

डेल्फीनचे हात पिठात नव्हते. ती, त्यांची मुलगी आणि बाळाची आई, स्वयंपाकघराच्या दाराआड ओठ चावत उभी होती. सात महिन्यांची नाओमी नुकतीच दूध प्यायली होती, आणि पोट भरलं की तिला एकच जागा लागायची: आजोबांच्या छातीची डावी बाजू. ल्यूशस पेटवेनं नातीला घेतलं, पाठीवर दोनदा थोपटलं, आणि मिनिटभरात ती गाढ झोपली. मग त्याचं लक्ष टीव्हीकडे गेलं. साडेबाराला चार मिनिटं कमी होती. त्यानं सावकाश मान वळवली.

"अर्नेस्टीन."

"काय, कोच?"

"हे तू मुद्दाम केलंस."

"झोपलेलं लेकरू हलवायचं नाही, हा नियम या घरात कोणी केला?"

नियम त्याचाच होता. बत्तीस वर्षं शाळेच्या संघाला अमेरिकन, म्हणजे चेंडू हातानं फेकायचा-झेलायचा, फुटबॉल शिकवलेल्या माणसाचे नियम पुष्कळ होते, पण हा एक त्यानं कधी मोडला नव्हता. अख्खं सॅगिनॉ गाव त्याला कोच म्हणायचं. बायकोही कोचच म्हणायची. मुलं तेवढी घरात डॅडी म्हणत, आणि मैदानाचं फाटक ओलांडलं की त्यांनाही तोंडात 'कोच' आणावं लागे. फाटकाच्या आत बाप नाही, बाहेर कोच नाही, असं तो सांगायचा.

सोफ्यावरून रॉस्को खुसखुसला. ल्यूशसचा हा धाकटा भाऊ दर थँक्सगिव्हिंगला दुकानातला पाउंड केक आणायचा आणि स्वतः केला म्हणून सांगायचा.

"बस आता," तो म्हणाला. "गॅरेजमधले खिळेसुद्धा सुट्टीवर आहेत आज."

सप्टेंबरपासून, म्हणजे मुलाचा, कॉर्डेलचा, आवाज दर रविवारी सामन्याच्या समालोचनात टीव्हीतून यायला लागल्यापासून, ल्यूशस पहिल्या शब्दाला उठून गॅरेजमध्ये जात असे आणि खिळे वेगळे करत बसे. बारा आठवडे झाले होते. आता तिथले खिळे लांबीप्रमाणे, जाडीप्रमाणे आणि गंजाप्रमाणेही लागले होते.

"आवाज कमी ठेवा," ल्यूशस म्हणाला. "बाळ उठेल."

पडद्यावर डेट्रॉइटचं छताखालचं मैदान उजळलं. करड्या कोटातला उंच मुलगा कॅमेऱ्याकडे बघून हसला, आणि अर्नेस्टीन हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. चाळिशीला आलेला तिचा मुलगा. इथून दीड तासाच्या अंतरावर. त्याच्या कानांमागे पिकलेले केस तिला आज पहिल्यांदा दिसले, तेही टीव्हीवर.

*

"तू डॅडींना सांगितलंस का?" ओव्हनचं दार लावत डेल्फीननं विचारलं.

"काय?"

"मम्मी. सकाळी फोन आला होता ना त्याचा."

अर्नेस्टीननं कॉलर्डची पालेभाजी ढवळली. हॉटेलमधून कॉर्डेल म्हणाला होता, सामना साडेतीनला संपेल, माझं विमान सहाला आहे. ती म्हणाली होती, मग ये ना जेवायला. तो म्हणाला, डॅडींनी स्वतः बोलावलं तर येईन. तू नाही, डेल्फीन नाही. ते बोलले तर.

"आणि हे तू डॅडींना सांगणार नाहीस," डेल्फीन म्हणाली.

"सांगितलं तर ते बोलावणं माझं होईल. त्यांचं नाही."

डेल्फीन टेबलावर काटे-चमचे मांडू लागली. चारच माणसांचे. आई बघते आहे हे कळून तिनं पाचवा काटा काढला, हातात धरला आणि परत खणात टाकला.

"मला त्याची दया येत नाही, मम्मी. खरं सांगते. तो पडद्यावर छान दिसतो. डॅडींना गुडघ्याच्या डॉक्टरकडे मी नेते. अकरा वर्षं. हट्ट त्यांचा आहे तसा त्याचाही आहे."

"त्यांनी त्याला पेपरात दोषी ठरवलं, डेल्फीन."

"एक वाक्य होतं ते."

"हो. एकच."

ते वाक्य या घरात कोणी उच्चारत नसे. अकरा वर्षांपूर्वी, वर्षातल्या शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला, कॉर्डेल एका बाजूला वळला आणि चेंडू दुसऱ्या बाजूला गेला. तिथं विरोधी संघाचा माणूस उभा होता. अजिंक्यपद त्याच्या हातात अलगद पडलं. कॉर्डेलनं मैदानाच्या मध्यात उभं राहून छातीवर दोनदा हात मारला. म्हणजे चूक माझी. साऱ्या देशानं ते पाहिलं. तासाभरानं बाहेरच्या बोळात कुणा वार्ताहरानं बापाला गाठलं, आणि बाप म्हणाला, "मी त्याला असं शिकवलं नव्हतं."

नऊ वर्षांत सहाशे अकरा झेल. लोकांच्या लक्षात राहिला तो न घेतलेला एक.

डेल्फीनला मात्र साबण आठवायचा. मागच्या अंगणात डॅडी पाण्यात बुडवलेली साबणाची वडी फेकायचे, आणि नऊ वर्षांचा कॉर्डेल ती पकडायचा. अंघोळीला साबण उरत नाही म्हणून मम्मी ओरडायची. ती स्वतः सहा वर्षांची, पायरीवर बसून मोजायची. एकदा दादानं सलग चाळीस वड्या झेलल्या. शेवटची तर हवेत उलटा होऊन, एका हातात. तेव्हा कोणी टाळी वाजवली नव्हती. अंगणात नुसतं शांत झालं होतं, चर्चमध्ये होतं तसं. डॅडी वळून भिंतीकडे बघत उभे राहिले होते, आणि सहा वर्षांच्या डेल्फीनला कळलं होतं की ते रडतायत.

तिनं खण पुन्हा उघडला. पाचवा काटा बाहेर काढून टेबलाच्या कडेला ठेवला. मांडला नाही, नुसता ठेवला.

*

समालोचकांच्या काचेच्या खोलीतून मैदान तळहाताएवढं दिसत होतं. कॉर्डेलच्या उजव्या हातात पडद्यावर पिवळ्या रेघा काढायचं पेन होतं आणि डाव्या हातात, टेबलाखाली, हॉटेलमधली साबणाची छोटी वडी. बोलताना ती बोटांतून फिरवायची त्याला सवय होती. कोणी विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं.

कामाची वाटणी सोपी होती. शेजारी बसलेला ग्लेन हॅव्हर्टी काय घडलं ते सांगायचा. कॉर्डेल का घडलं ते सांगायचा. तीस वर्षं हेच केलेल्या ग्लेननं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, का सांगायला तुला बारा सेकंद मिळतील, त्यातले चार श्वास घ्यायला.

मध्यंतराला एक मिनिट उरलं होतं. पाहुण्यांच्या संघाचा रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, टेरियन मूडी, बावीस वर्षांचा, व्यावसायिक सामन्यांतला हा त्याचा तिसराच महिना, उजव्या कडेला जाऊन उभा राहिला. तो कसा उभा आहे हे बघताच कॉर्डेलच्या पायांना कळलं की आता काय होणार. दहा पावलं सरळ. मग समोरच्या बचावपटूची कंबर बघायची. ती बाहेर वळली तर आपण आत, आत वळली तर आपण बाहेर. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅकही लांबून तीच कंबर बघत असतो आणि पोरगा वळायच्या आधीच चेंडू सोडतो. दोघांनी एकच वाचलं तर चेंडू रिकाम्या हवेत जातो आणि त्या हवेत दोन हात येतात. कॉर्डेलनं हे हजारदा केलं होतं, तरी दर वेळी त्याला ते माणसाच्या कुवतीबाहेरचं वाटत आलं होतं.

टेरियन आत वळला. चेंडू बाहेर गेला.

विरोधी संघाच्या माणसानं तो झेलला आणि मैदान गरजलं. टेरियन एकटा उभा राहिला. मग त्यानं छातीवर हात मारला. एकदा. पुन्हा एकदा.

"पोरगा चुकीच्या बाजूला वळला," ग्लेन म्हणाला, आणि मायेनंच, जुन्या दोस्तासारखा, पुढे बोलला, "हे दुखणं तुझ्याइतकं कोणाला माहीत, कॉर्डेल?"

कानातल्या यंत्रात दिग्दर्शिका मार्गो म्हणाली, "हसून सोडून दे. जाहिरातीला पंधरा सेकंद."

कॉर्डेलनं साबण घट्ट धरला. अकरा वर्षं तो हसून सोडत आला होता. विमानतळावर, केस कापताना, लग्नाच्या पंगतीत. क्वार्टरबॅककडे बोट दाखवायचं नाही, कारण पुढचा चेंडू त्याच्याच हातून यायचा असतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, सगळ्याच रिसीव्हरांना ते ठाऊक असतं. लोकांना वाटायचं ते वाटू दे. त्याला फक्त एका माणसाची खात्री होती. विसाव्या रांगेत, बरोबर त्या जागेसमोर बसलेल्या. ज्यानं जगाला नाही तरी त्याला कंबर बघायला शिकवलं होतं. तो माणूस तरी कंबर बघेल, असं छातीवर हात मारताना त्याला वाटलं होतं.

खाली टेरियन हेल्मेट न काढता बाकावर बसत होता.

"वरच्या कॅमेऱ्यातून दाखवा," कॉर्डेल म्हणाला.

"कॉर्डेल, वेळ नाही," कानात मार्गो.

"वरच्या कॅमेऱ्यातून."

*

ल्यूशसनं डोळे मिटले होते, कान नाही. बाळाच्या उबेनं शर्ट ओलसर झाला होता. गेला तासभर तो आवाज खोलीत होता, आणि तो आवाज चांगला होता, हेच सोसत नव्हतं. पोरगा घाई करत नव्हता. मोठा शब्द वापरत नव्हता. खेळाडू पडला की आधी त्याचं नाव घ्यायचा, मग चूक सांगायचा. ल्यूशसनं शाळेतल्या पोरांशी असंच बोलायचा प्रयत्न बत्तीस वर्षं केला होता, आणि त्याला ते निम्मंही जमलं नव्हतं.

"चेंडू विसरा," टीव्हीतून कॉर्डेल म्हणाला. "मला माहीत आहे, सगळे चेंडूच बघतात. हा इथला बचावपटू बघा. डोळे फसवतील, खांदे फसवतील, कंबर फसवू शकत नाही. बाहेर वळली, दिसली? मग टेरियननं आत जायला हवं. तो कुठे गेला? आत. हा पोरगा बरोबर आहे. चेंडू चुकला."

रॉस्कोचा केकचा घास तोंडातच राहिला. ल्यूशसनं डोळे उघडले.

"आता तो छातीवर हात मारतोय," आवाज पुढे आला, जरा हळू. "चूक माझी म्हणतोय. त्या हातावर विश्वास ठेवू नका. आम्ही रिसीव्हर असंच करतो. ज्यानं मला हे शिकवलं तो ओला साबण फेकायचा आणि सांगायचा, चेंडूकडे बघू नकोस, तो येईल तेव्हा येईल, आधी माणूस वाच. टेरियनच्या घरीही आत्ता कोणीतरी टीव्हीसमोर बसलं असेल. त्यांना एवढंच सांगतो. तुमचा मुलगा बरोबर होता."

तीन सेकंद कोणीच बोललं नाही, आणि टीव्हीवर तीन सेकंद म्हणजे एखाद्या घरातली अकरा वर्षं. मग जाहिरात लागली.

अर्नेस्टीन दारात येऊन उभी होती. डेल्फीन तिच्या मागे.

"रॉस्को," ल्यूशस म्हणाला. आवाज बाळापुरता हलका होता. "त्या दिवशी तू काय पाहिलंस? बचावपटूची कंबर कुठे होती?"

"मी हॉट डॉगच्या रांगेत होतो. मला काय विचारतोस."

"अर्नेस्टीन?"

"मी डोळे मिटून प्रार्थना करत होते."

"मी इथं होते, डॅडी," डेल्फीन म्हणाली. "टीव्हीवर. टीव्ही चेंडूच दाखवतो."

ल्यूशसनं मान हलवली. जागा त्याची सगळ्यात चांगली होती. विसावी रांग, बरोबर समोर. अकरा वर्षं तो क्षण रोज त्याच्यापुढे यायचा. दाढी करताना, खिळे लावताना. आता त्यानं तो मुद्दाम बोलावला आणि त्यात बचावपटू शोधला. सापडेना. हिरवं गवत होतं, दिव्यांचा उजेड होता, आणि वर, खूप वर, गोल गोल फिरत येणारा चेंडू. तो बरोबर यावा, पोराच्या हातात यावा, एवढंच तेव्हा त्याच्या अंगात भरलं होतं. हजारो पोरांना त्यानं ज्या गोष्टीसाठी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, तीच तो करत होता.

त्यानं पाहिलंच नव्हतं.

"मला तुझा फोन दे," तो बायकोला म्हणाला.

अर्नेस्टीननं फोन लावला, त्याच्या उजव्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरली. मध्यंतर सुरू झालं होतं. दुसऱ्याच घंटेला उचलला गेला.

"मम्मी? मला पाचच मिनिटं आहेत."

"मी आहे," ल्यूशस म्हणाला.

पलीकडे लोकांचा गलका ऐकू आला. मग दार लोटल्याचा आवाज, आणि गलका थांबला.

"कोच?"

"नाही," ल्यूशस म्हणाला. त्याला पुन्हा सुरुवात करावी लागली. "कोचनं कंबर पाहिली असती. त्या दिवशी तिथं कोच नव्हताच. तुझा बाप बसला होता. मी चेंडूकडे बघत होतो, बाळा. सगळा वेळ. मी दुसरं काही पाहिलंच नाही, आणि पाहिल्यासारखं बोललो."

ल्यूशस थांबला. त्यानं फोन मान आणि खांद्यात धरला. मोकळा झालेला हात आपसूक छातीशी गेला. चूक माझी. पण तिथं नाओमी होती. हात तिच्या पाठीवर पडला, हळूच, दोनदा.

"डॅडी, मला वाटलं होतं तुम्हाला दिसेल," शेवटी कॉर्डेल म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याच्या आवाजात नऊ वर्षांचा, भिजलेल्या हातांचा कोणीतरी होता. "बाकी कोणाचं काही नाही."

"ठाऊक आहे."

"तिथं कोण रडतंय?"

"तुझी आई. रॉस्कोपण, पण तो केकचा ठसका लागला म्हणेल."

"लागलाच आहे," सोफ्यावरून रॉस्को म्हणाला. "कोरडा झालाय या वेळी."

"दुकानदाराला सांग," डेल्फीन म्हणाली.

ल्यूशसनं खाकरून घेतलं. "आम्ही टर्की साडेचारला कापतो."

"माहीत आहे. तुम्ही कोणासाठी थांबत नाही."

"आज सुरी हातात घेणार नाही. तू दारात येईपर्यंत. थंड झाली तर थंड खाऊ."

पलीकडे कोणीतरी कॉर्डेलला हाक मारली. तो म्हणाला, "सहाचं विमान आहे." मग म्हणाला, "असू दे." आणि फोन बंद झाला.

अर्नेस्टीननं फोन परत घेतला आणि नवऱ्याच्या टकलावर हात ठेवला, ताप बघावा तसा. डेल्फीन आत गेली. काट्याचा, मग बशीचा, मग ओढलेल्या खुर्चीचा आवाज आला.

टीव्हीवर दुसरा भाग सुरू झाला. ग्लेन हॅव्हर्टीनं एकट्यानं सुरुवात केली. बाहेरचं हवामान सांगितलं, गुण सांगितले, उगाच एक जुना किस्सा सांगितला. शेजारची जागा पडद्यावर दिसत नव्हती. ल्यूशस पुढे झुकला, बाळ हलणार नाही इतपत.

मग तो आवाज आला. थोडा बसलेला. टेरियन मूडी पुन्हा उजव्या कडेला उभा होता, आणि तो आवाज त्याचं नाव घेत होता.

"आवाज वाढव," ल्यूशस म्हणाला.

"बाळ उठेल, कोच," अर्नेस्टीन म्हणाली.

"उठू दे. तिचा मामा बोलतोय."